हलवा पोस्टात टाकायचा कसा?

२०१५ साली रथसप्तमी २६ जानेवारीला आली होती, सोमवारी. त्याच संध्याकाळी मॅसॅच्युसेट्समध्ये बर्फाचं वादळ शिरलं. मध्यरात्रीपासून राज्यभर रस्त्यावर गाडी काढायला बंदी झाली आणि मंगळवारच्या शाळा आदल्या दिवशीच रद्द झाल्या. वादळ ओसरल्यावर आमच्या जवळच्या वुस्टर शहरात ३४.५ इंच बर्फ मोजला गेला. तीन फुटांना जेमतेम दीड इंच कमी. (या गावाचं नाव इंग्रजीत नऊ अक्षरांत लिहितात आणि बोलताना त्यातली निम्मी गिळतात. देवनागरीत तीन अक्षरांत काम भागतं.)

संक्रांतीचा तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, ही आपली पिढीजात सवलत. माझी संक्रांतीची चाळीस भेटकार्डं त्या सवलतीच्या शेवटच्या दिवशीही झालेली नव्हती. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर समोर दाराच्याच आकाराची पांढरी भिंत उभी. फावडं हातात घेण्यात अर्थ नव्हता, कारण वरून अजून पडतच होतं. मग स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं आणि काळा कागद, खोडरबरं, कटर, शाईच्या पेट्या असा सगळा पसारा मांडला.

आता मूळ अडचण. लहानपणी आमच्या घरी संक्रांतीला भेटकार्डं यायची. आत पतंगाचं किंवा सुगडाचं चित्र आणि एका कोपऱ्यात चिकटवलेली प्लॅस्टिकची इवलीशी पिशवी. त्या पिशवीत आठ-दहा दाणे हलवा. कार्ड कोणाचं हे मागाहून वाचायचं, आधी पिशवी फोडायची. अमेरिकेत आल्यावर पहिल्याच संक्रांतीला मी तसंच केलं. न्यू जर्सीतल्या मैत्रिणीला पाकीट मिळालं ते एका कडेने फाटलेलं, आणि त्यातून पांढरी भुकटी गळत होती. तिचा फोन आला, "अगं, पोलिसांना बोलावू का?" ती हसत होती, पण विनोद अगदीच बिनबुडाचा नव्हता. २००१च्या शरदात अँथ्रॅक्सची पत्रं निघाली होती ती न्यू जर्सीतल्याच पोस्टातून, आणि त्यांत पाच माणसं गेली. पाकिटातून सांडणारी पांढरी पूड या देशात चेष्टेचा विषय नाही.

हलव्याची पूड होते ती पोस्टमनच्या हातात नाही, यंत्रात. पत्रं वेगळी करणारं यंत्र पाकिटाला दोन पट्ट्यांमध्ये धरतं, रोलरांवरून वळवतं आणि तासाला तीस हजारांवर पाकिटं पुढे ढकलतं. सपाट, लवचीक पाकीट त्यातून सुखरूप जातं. मध्येच फुगवटा असेल तर ते अडकतं, फाटतं किंवा आतला फुगवटा भरडून निघतो. म्हणूनच अमेरिकन पोस्ट उंचसखल पाकिटाला 'यंत्रात न चालणारं' ठरवून जादा आकार घेतं, आणि पाव इंचाहून जाड पाकीट पत्राच्या दरात घेतच नाही. हलव्याचा चांगला काटेरी दाणा पाव इंचाला टेकतोच.

तेव्हा खरा हलवा बाद. पण त्या कार्डावर बोट फिरवल्यावर काहीतरी खडबडीत लागावं, काळ्यावर पांढरं उठून दिसावं, एवढा माझा हट्ट होता. संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने ही जोडी ज्याने पाहिली आहे, त्याला लाल-हिरव्या पतंगांचं कार्ड पुरत नाही. म्हणजे काम असं: काळ्या कागदावर पांढरे, टपोरे, यंत्राखालून जिवंत सुटतील असे ठिपके काढायचे.

पहिला प्रयत्न फसतो तो शाईत. ठशांच्या शाया ढोबळमानाने दोन जातींच्या. एक हळदीसारखी: कपड्याला लागली की धाग्यात मुरते, पण तिचा थर बसत नाही. दुसरी चुन्यासारखी: मुरत नाही, वर बसते आणि खालचं झाकते. मुरणारी शाई पारदर्शक असते, म्हणून ती पांढऱ्या कागदावर झकास दिसते आणि काळ्यावर उमटली की नाही हेसुद्धा कळत नाही. काळ्यावर लागते चुन्याच्या जातीची, म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण असलेली दाट शाई. तिचा दोष एकच. वर बसून राहत असल्यामुळे ती लवकर वाळत नाही, बाही लागली की फिसकटते. आणि या कलेची सगळी गंमत त्या दोषातच आहे, कारण शाई ओली आहे तोवर तिच्यावर पावडर चिकटवता येते.

तिला एम्बॉसिंग पावडर म्हणतात. दिसायला पिठीसाखर, पण असते प्लॅस्टिकच्या जातीच्या राळेचे बारीक कण. ओल्या ठशावर ती भुरभुरायची, कागद उभा करून टिचकी मारायची. न चिकटलेली पावडर खाली कागदावर पडते, ती परत डबीत. मग गरम हवेची बंदूक ठशावर धरायची. केस वाळवायचं यंत्र इथे कामाचं नाही. त्याचा वारा फार आणि उष्णता थोडी, म्हणजे वितळायच्या आधीच पावडर उडून जाणार. बंदुकीचं उलट: झोत मंद, पण तापमान कागद करपवण्याइतकं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा श्वास रोखून पाहिलं होतं. आधी काहीच होत नाही. पाच-सहा सेकंद ठिपका तसाच कोरडा, दाणेदार. मग एका कडेला तो एकदम ओला दिसायला लागतो, चमक कडेकडून मधोमध सरकत जाते आणि बघता बघता दाण्यांची सपाट, तुकतुकीत टिकली होते. कण वितळून एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठताण त्यांना गुळगुळीत करतो. तापल्या तव्यावर तुपाचा गोळा पसरतो, तसंच. बंदूक एवढ्यावर बाजूला घ्यायची. आणखी पाच सेकंद लोभ केलात तर वितळलेली राळ कागदात शिरते, उंचवटा बसतो आणि मागच्या बाजूला तेलकट डाग उमटतो. व्हिजिटिंग कार्डावरची बोटाला लागणारी अक्षरं बऱ्याचदा याच युक्तीची कारखानदारी आवृत्ती असते. थर्मोग्राफी हे तिचं नाव.

पण तुकतुकीत टिकली म्हणजे हलवा नव्हे, हलव्याला काटा पाहिजे. त्यावर उपाय सापडला तो असा. पहिला थर पुरता वितळवायचा, तो गरम असतानाच त्यावर दुसऱ्यांदा पावडर भुरभुरायची आणि या वेळी बंदूक अर्ध्यात थांबवायची. वरचे कण खाली चिकटतात पण विरघळून एकजीव होत नाहीत. ठिपका खरखरीत, साखरेच्या दाण्यासारखा होतो. जाडी एक मिलीमीटरसुद्धा नाही. यंत्राला पत्ताही लागत नाही.

हे सगळं पावसाळ्यातल्या कोल्हापुरात केलं असतं तर सुरळीत झालं असतं. बर्फाच्या दिवशी त्यात एक विघ्न येतं, आणि ते थंडीमुळेच येतं. पावडर झटकली की ठिपक्यांवर राहायला हवी, तशी राहतेच. पण बाकीच्या काळ्या कागदावरही पांढरी धूळ चिकटून बसते. टिचकी मारा, फुंकर मारा, हलत नाही. बंदूक लावली की तीही वितळते आणि चंद्रकळेवर पीठ सांडल्यासारखं कार्ड होतं. माझी पहिली सहा कार्डं अशी वाया गेली.

कारण हवेत आहे. उणे दहा अंश सेल्सियसच्या घनमीटरभर हवेत पाण्याची वाफ मावते फार तर सव्वादोन ग्रॅम. वीस अंशाच्या हवेत मावते सतरा ग्रॅम. बाहेरची थंड हवा घरात येते, हीटर ती तापवतो, पण तिच्यात पाणी कुणी घालत नाही. सतरा ग्रॅम मावतील अशा भांड्यात दोन ग्रॅम: सापेक्ष आर्द्रता बारा-तेरा टक्क्यांवर येते. अंघोळ, स्वयंपाक आणि माणसांचा श्वास यांनी ती थोडी वाढते, तरी घर वाळवंटासारखंच राहतं. म्हणून इथल्या हिवाळ्यात ओठ फुटतात, लाकडी फर्निचरला चिरा पडतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. दमट हवेत कागदाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतो, घासण्यातून साठलेला विद्युतभार त्यावरून निसटून जातो. कोरड्या हवेत त्याला वाटच नसते. कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा शाळेतला प्रयोग आठवा. इथे कंगवा म्हणजे अख्खा कागद आणि कपटे म्हणजे पावडरीचे कण.

उपाय मात्र आजीच्या कपाटातला निघाला. तलम मलमलीच्या फडक्यात बाळाची टाल्कम पावडर घालून पुरचुंडी बांधायची आणि ठसा मारण्याआधी ती कागदावरून हलकेच फिरवायची. पृष्ठभागावर टाल्कचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि एम्बॉसिंगचे कण घसरून पडतात. दुकानात हीच पुरचुंडी झोकदार नावाने भरपूर डॉलरना मिळते. फडकं घरचं असेल तर चालतं, मी दहा वर्षं तेच वापरते आहे.

आता ठिपके किती आणि कसे? इथे रांगोळी मदतीला आली. अंगणात आपण सांगतो, 'पंधरा ते आठ, अधलेमधले'. म्हणजे मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, तिच्या वर-खाली एकेक ठिपका कमी करत आठपर्यंत यायचं, आणि प्रत्येक ओळ अर्ध्या घराने सरकवायची. काढून झालं की ठिपक्यांचा नेमका षटकोन तयार होतो, प्रत्येक बाजूला आठ ठिपके. कार्डाला एवढा पसारा झेपत नाही, म्हणून मी सात ते चार घेतले. सात, मग दोन्ही अंगांना सहा, पाच, चार: एकूण ३७ ठिपके. ठिपक्याचा ठसा म्हणून पेन्सिलीच्या बुडाचं खोडरबर उत्तम. (पेन्सिलीला खोडरबर जोडण्याचं पेटंट अमेरिकेत १८५८ साली निघालं आणि १८७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, दोन जुन्या वस्तू एकमेकींना जोडणं हा काही शोध नव्हे, असा निकाल. घरोघरच्या काटकसरी लोकांच्या बाजूने लागलेला हा निकाल मला आवडतो.)

पण ३७ ठिपके गुणिले चाळीस कार्डं म्हणजे १४८० वेळा पेन्सिल टेकवायची. अंगणात रांगोळी काढणाऱ्या बायकांपुढे मी हात जोडते, माझ्याकडून ते होणार नव्हतं. मग षटकोनाकडे नीट पाहिलं. मधला एक ठिपका सोडला तर उरतात छत्तीस, आणि ते सहा सारख्या फाकांमध्ये विभागले जातात. प्रत्येक फाकेत एक, दोन, तीन अशा ओळींनी सहा ठिपके. एक फाक खोडरबरात कोरायची, साठ-साठ अंशांनी फिरवत सहा वेळा मारायची आणि मध्ये पेन्सिलीचा एक ठिपका. सदतीसऐवजी सात ठसे. १४८० ऐवजी २८०. कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने सहा फिक्या रेघा आखून घेतल्या की फाक चुकत नाही.

पहिलं कार्ड तयार झालं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हा स्नोफ्लेक झाला." मी हलवा काढत होते आणि खिडकीबाहेरचा बर्फ कार्डावर उतरला होता. हा योगायोग वाटतो, पण नाही. रांगोळीचे अधलेमधले ठिपके आणि बर्फाच्या स्फटिकातली पाण्याच्या रेणूंची मांडणी, दोन्हींच्या घडणीत षटकोन आहे. रेणू गोठताना सहा-सहांच्या कड्यांनी एकमेकांना धरतात, आणि त्या लपलेल्या षटकोनाचे सहा कोपरे वाफेत सर्वांत पुढे घुसलेले असतात. त्यांना नवी वाफ आधी मिळते, म्हणून ते आणखी वाढतात, त्यांना फांद्या फुटतात. मधोमध असतो हवेतल्या धुळीचा एखादा कण. परातीत तिळावर पाकाचे थेंब सोडत, मंद आचेवर बोटांनी हलवत बसलेली आजी आठवते. तिच्या हलव्यालाही आत एक तीळ लागायचा आणि काटे बाहेरच्या बाजूनेच यायचे. रसायन वेगळं आहे, पण बीज आत आणि वाढ टोकांवर, हा हिशेब दोन्हीकडे दिसतो.

हिमकणाला सहाच कोपरे का, हा प्रश्न छापील पुस्तकातून विचारणारा एक माणूस फार मोठा होता, आणि त्याने तो विचारला नववर्षाची भेट म्हणून. १६११ साली प्राग शहरात योहानेस केप्लरने आपल्या आश्रयदात्याला नवीन वर्षाची भेट म्हणून एक छोटी लॅटिन पुस्तिका दिली, विषय सहा कोपऱ्यांचा हिम. ग्रहांच्या कक्षांचे नियम मांडणारा हा गणिती त्या काळी पैशाने ओढगस्तीत होता. लॅटिनमध्ये 'निक्स' म्हणजे हिम, आणि त्याच्या जर्मन बोलीत तसाच उच्चार म्हणजे 'काही नाही'. काहीच नसलेली भेट, अशी ती कोटी. त्याने मधमाश्यांची पोळी पाहिली, डाळिंबाचे दाणे पाहिले, गोळे कमीत कमी जागेत कसे रचता येतील याचा विचार केला, पण हिमाचं कोडं त्याला सुटलं नाही. गोळ्यांच्या रचनेबद्दल त्याने जे म्हटलं, त्याची सिद्धता मात्र १९९८ साली अमेरिकन गणिती थॉमस हेल्सने मांडली. तिळाचे लाडू डब्यात भरताना आपण जसे एका थराच्या खोबणीत दुसरा थर बसवतो, तीच ती रचना. लाडवांना सिद्धतेची वाट पाहावी लागली नव्हती.

केप्लरने जे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, ते कॅमेऱ्यात धरलं आमच्या शेजारच्या व्हर्मांट राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोराने. जेरिको गावचा विल्सन बेंटली. १५ जानेवारी १८८५ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमस्फटिकाचा फोटो घेतला. आजच्या पंचांगात तो संक्रांतीचा किंवा किंक्रांतीचा दिवस. मग त्याने आयुष्यभर पाच हजारांवर स्फटिकांचे फोटो काढले. पद्धत साधी, पण थंडी सहन करण्याची: न तापवलेल्या खोलीत श्वास आवरून काम, पडणारा हिम काळ्या फळीवर झेलायचा, पाहिजे तो स्फटिक काडीने उचलून काचेवर ठेवायचा आणि पिसाने हलकेच दाबायचा. आणि मला सर्वांत भावलेली गोष्ट ही की फोटोच्या निगेटिव्हवर स्फटिकाच्या भोवतीचा थर तो चाकूने तासून काढायचा, म्हणजे छापल्यावर पार्श्वभूमी ठार काळी येईल. काळ्यावर पांढरं, हातानं तासलेलं! १९३१च्या अखेरीस त्याचं हिमस्फटिकांचं पुस्तक आलं आणि त्याच डिसेंबरात हिमवादळातून चालत घरी आल्यानंतर न्यूमोनियाने तो गेला.

हे माहीत झाल्यापासून मला दुकानातले हिमकणांचे ठसे बघवत नाहीत. निम्म्यांना आठ हात असतात. चौकोनी कागद तीनदा दुमडून कातरला की आठ हात सहज मिळतात, म्हणून ही चूक बालवाडीपासून चालत येते. बर्फ आठ हातांचा पडत नाही. मीही एकदा असा अष्टभुज ठसा विकत आणला आहे, तो आता फक्त नवरात्रात वापरण्याजोगा आहे.

ठिपके झाले, आता खाली 'तिळगूळ' हा शब्द हवा. देवनागरी ठसा इथे विकत मिळण्याची आशा नको, कोरावाच लागतो. यात एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवायची: ठशावर अक्षर उलटं, तर कागदावर सुलटं. ते डोक्याने करायला जाऊ नका. पारदर्शक कागदावर मऊ पेन्सिलीने शब्द सरळ लिहा, तो कागद पालथा घालून खोडरबरावर ठेवा आणि मागून नखाने घासा. शिसं खोडरबरावर उतरतं, आपोआप उलटं. मग जे रंगलेलं आहे ते ठेवायचं आणि बाकीचं कोरून काढायचं. देवनागरीची शिरोरेषा इथे फार उपकारी ठरते. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात, एखादं कलतं. आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका रेषेला धरून राहतात. त्रास देतो तो 'ळ'. त्याच्या दोन्ही पोटांतली पोकळी तांदळाएवढी, तिथे कटरचं टोक उभं धरून हात नव्हे तर खोडरबर फिरवायचं. 'तिळगूळ'मध्ये ळ दोनदा येतो. शब्द निवडताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शाळेत आपण सगळ्यांनीच ठसेकाम केलं आहे: भेंडी आडवी कापून फूल, बटाटा अर्धा कापून पान. भेंडीचा ठसा तासाभरात सुरकुततो, बटाटा पाणी सोडतो. टिकाऊ ठसा शक्य झाला तो रबरामुळे, आणि रबराची ती गोष्ट आमच्याच राज्यात घडली. १८३०च्या दशकात रबराच्या वस्तूंची मोठी हवा होती. बॉस्टनला लागून असलेल्या रॉक्सबरीत तर रबराची कंपनीच निघाली होती. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिक्कीच्या पाकासारखं ओघळायचं आणि हिवाळ्यात दगडासारखं व्हायचं. कंपनी बुडाली. चार्ल्स गुडइयर हा कर्जबाजारी माणूस वर्षानुवर्षं याच्या मागे लागलेला. १८३९ साली वूबर्न गावात गंधक मिसळलेलं रबर तापल्या शेगडीला लागलं आणि वितळण्याऐवजी कातड्यासारखं चिवट झालं. गंधक रबराच्या लांबलचक साखळ्यांना जागोजाग टाके घालतं, त्यामुळे त्या एकमेकींवरून घसरून वाहत नाहीत. ताणल्या तर परत जागेवर येतात. १८४४ साली त्याला पेटंट मिळालं. १८६० साली तो वारला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी नंतर अडतीस वर्षांनी निघाली आणि तिचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

शिक्के बनवायची सोय झाली ती दंतवैद्यांमुळे. कवळीचा पाया गंधकी रबराचा असे, तो घडवायला त्यांच्याकडे छोटी भट्टी असायची. १८६०च्या दशकात कोणीतरी त्याच भट्टीत अक्षरांचा साचा ठेवला, आणि पहिला मान कोणाचा यावर तेव्हापासून भांडण आहे. तहसील कचेरीबाहेर 'शिक्के बनवून मिळतील' अशी पाटी लावून बसणाऱ्या प्रत्येकाचा धंदा त्या कवळीच्या भट्टीतून निघालेला आहे. हल्लीचे पारदर्शक ठसे मात्र रबराचे नाहीत. पातळ पॉलिमरवर निगेटिव्हमधून अतिनील प्रकाश सोडतात. उजेड लागला तिथे ते घट्ट होतं, बाकीचं धुऊन टाकतात.

वुस्टरचं ऋण अजून बाकी आहे. १८४०च्या दशकाच्या अखेरीला एस्थर हाऊलंड ही तिथल्या कागद-दुकानदाराची मुलगी. इंग्लंडहून आलेलं एक व्हॅलेंटाईन कार्ड तिच्या हाती पडलं आणि आपणही असं करू शकतो असं तिला वाटलं. नमुने तिने भावाबरोबर विक्रीच्या दौऱ्यावर पाठवले. दोनशे डॉलरच्या मागणीची आशा होती, तो पाच हजारांची घेऊन आला असं सांगतात. मग तिने मैत्रिणींना घरी बोलावून टेबलाभोवती बसवलं. एकीने जाळीचा कागद लावायचा, दुसरीने रंगीत चकती, तिसरीने चित्र. फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात हीच साखळी यायला आणखी साठहून जास्त वर्षं होती. लंडनला हेन्री कोलने १८४३ साली नाताळचं पहिलं छापील कार्ड काढलं, ते हाताने पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून. एस्थरबाईंनी उलट हाताच्या कामाचाच धंदा केला.

त्यांच्याच धर्तीवर त्या मंगळवारी आमच्या टेबलाची वाटणी झाली. ठसा मी मारायचा, पावडर मुलीने भुरभुरायची, बंदूक नवऱ्याकडे, कारण यंत्र हातात दिल्याशिवाय तो घरकामात रमत नाही. दुपारी तीनपर्यंत तीस कार्डं झाली. मग वीज गेली. उरलेल्या दहांसाठी गॅसवर तवा चढवला आणि कार्ड चिमट्याने तव्याच्या वर दोन बोटं अंतरावर धरलं. पावडर खालून तापूनही वितळते, किंबहुना जास्त सारखी वितळते. एक कार्ड करपलं. पोळ्यांचा हात असलेल्या माणसाला हे तंत्र लवकर जमतं, नवऱ्याला जमलं नाही.

कोणी करून पाहणार असेल तर मापाची एक गोष्ट. चौकोनी कार्ड करू नका. अमेरिकन पोस्टाला पाकिटाची लांबी रुंदीच्या १.३ ते २.५ पटीत लागते, नाहीतर सपाट असूनही जादा आकार पडतो. इथला साधा मोठा कागद, साडेआठ बाय अकरा इंची, उभा अर्धा कापून मध्ये दुमडला की सव्वाचार बाय साडेपाचचं कार्ड होतं. त्याच्या पाकिटाचं गुणोत्तर १.३१ येतं, म्हणजे नियमाला कसंबसं चिकटून. आमची चाळीस पाकिटं साध्या तिकिटावर गेली, एकही फाटलं नाही. पोचली मात्र फेब्रुवारीत.

आणि ठसे धुऊन, कोरडे करून कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या डब्यात उघडे टाकू नका. खोडरबर मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर झिरपून प्लॅस्टिकला विरघळवतं. माझा २०१५चा 'तिळगूळ' असाच डब्याच्या बुडाला जाऊन बसला. पुढच्या संक्रांतीला ओढून काढला, तर 'तिळ' हातात आला आणि 'गूळ' डब्याला चिकटून राहिला.